कानातल्या यंत्राचं आयुष्य

हेडफोन घ्यायचा तर वायरचा की बिनवायरचा, हा प्रश्न आज मोबाइलच्या दुकानात रोज विचारला जातो. उत्तर कधी आवाजावरून दिलं जातं, कधी किमतीवरून, बहुतेक वेळा दिसण्यावरून. ही वस्तू किती वर्षं चालेल आणि बिघडली तर तिचं पुढे काय होईल, हे मात्र घेणारा विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही. आज मला तेवढ्यापुरतंच बोलायचं आहे.

कवितावाल्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं तुम्ही म्हणाल. कारण साधं आहे. बी. ए. करत होतो तेव्हा, म्हणजे १९९० च्या आसपास, संध्याकाळचा मी मामूंच्या दुकानात बसत असे. नगरमध्ये झेंडीगेटच्या बाजूला त्यांचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. ते वॉकमनचे दिवस. कॉलेजची पोरं हेडफोन घेऊन यायची आणि एकच तक्रार सांगायची, ‘एका बाजूने ऐकू येत नाही.’ मामूंची एक सवय होती. वस्तू हातात आली की ते आधी तिला उलटीसुलटी करून बघत आणि स्वतःशीच विचारत, ‘ही उघडते कुठून?’ काय बिघडलंय, हा त्यांचा दुसरा प्रश्न असे. वायर की बिनवायर या वादातही मला मामूंचा पहिला प्रश्नच पहिला वाटतो.

आपल्याकडे या वस्तूला अजून धड नाव मिळालेलं नाही. कोणी हेडफोन म्हणतं, कोणी इअरफोन, एसटीत विकणारा पोऱ्या ‘हँड्सफ्री’ म्हणून ओरडतो, नवी पिढी ‘बड्स’ म्हणते. आमच्या घरात ‘कानातलं कुठे ठेवलं?’ असा आवाज आला तर सुनेचे डूल हरवलेत की नातवाचं यंत्र, हे थोडं थांबून कळतं. असो.

वायरच्या हेडफोनची पिन ही आजही वापरात असलेल्या विजेच्या जोडण्यांपैकी फार जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाचा फोन दुसऱ्याला जोडण्यासाठी जी पाव इंच जाडीची पिन वापरत, तिचीच ही धाकटी बहीण. ट्रान्झिस्टर रेडिओ आले आणि साडेतीन मिलिमीटरची पिन घरोघर पोचली. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि ती जगभरच्या खिशांत गेली. गंमत बघा, त्या काळातला चांगला हेडफोन आज मिळाला तर तो आजच्या लॅपटॉपला, पिनचं भोक असलेल्या आजच्या मोबाइललाही जसाच्या तसा लागतो. विजेच्या वस्तूंमध्ये एवढी निष्ठा क्वचितच दिसते. सप्टेंबर २०१६ मध्ये अॅपलने आयफोन ७ आणला तेव्हा ते भोक काढून टाकलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपले बिनवायरचे एअरपॉड बाजारात आणले. मग इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. महागड्या फोनांतून भोक जवळजवळ गेलंच आहे. स्वस्त फोनांत ते अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहे.

आता वायरचा हेडफोन मरतो कसा, ते पाहू. त्याच्या पोटात फारसं काही नसतंच. एक लोहचुंबक, तारेचं एक बारीक वेटोळं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा. फोनमधून वीज येते, वेटोळं हलतं, पडदा थरथरतो, आपल्याला आवाज ऐकू येतो. त्याला स्वतःची बॅटरी नाही, चिप नाही. वीज आणि अक्कल दोन्ही फोनची. पडदा सहसा वर्षानुवर्षं टिकतो. जाते ती वायर, आणि तीही ठरलेल्या जागी: पिनच्या गळ्याशी, नाहीतर वायर दोन कानांकडे फुटते त्या बेचक्यात, नाहीतर कानाच्या बोंडात शिरते तिथे. तांब्याची तार पुन्हापुन्हा एकाच जागी वाकवली की ती आधी ताठ होते आणि मग तुटते. खिळ्याला बांधलेली तार आपण वाकवून वाकवून तोडतो, अगदी तसंच. फोन खिशात घालताना पिनेशी वायर दुमडते, तिथेच ती एक दिवस आतल्या आत तुटते.

हे दुरुस्त कसं करतात तेही सांगतो, कारण हे कसब आता फार थोड्या हातांत उरलंय. पिनच्या वर बोटभर वायर कापायची. आत केसासारख्या तांब्याच्या तारा असतात, त्यांच्यावर रंगीत लाखेसारखा लेप असतो आणि ताकदीसाठी सोबत दोऱ्याचे धागे वळलेले असतात. हा लेप वीज जाऊ देत नाही, म्हणून नुसती गाठ मारून भागत नाही. सोल्डरिंगच्या तापल्या टोकाखाली तो जाळावा लागतो. साधारणपणे हिरवी किंवा निळी तार डाव्या कानाची, लाल उजव्या कानाची आणि उघडी तांबूस तार दोघांची सामाईक. नव्या पिनेच्या टोकाला डावी, मधल्या कड्याला उजवी, मागच्या नळीला सामाईक. माइक असला तर एक कडं आणि एक तार आणखी. पंधरा मिनिटांचं काम, आणि नवी साधी पिन आजही चहा-वड्याच्या भावात येते. मामू शेवटी पिनेच्या गळ्याशी बॉलपेनमधली स्प्रिंग चढवून देत, म्हणजे तिथे वायर दुमडत नसे. दिसायला ओबडधोबड, पण ते हेडफोन पुन्हा त्या तक्रारीने आल्याचं मला आठवत नाही.

रेडिओच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत तुम्ही गेलात, तर तिथे आजही वायरचाच हेडफोन दिसेल. त्यातले काही प्रसिद्ध नमुने फार जुने आहेत. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा एचडी २५ हा १९८८ सालचा, सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा. दोन्ही आजही नवे मिळतात. एचडी २५ चा तर वायर, गादी, कानाचं भांडं, पट्टी असा प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो आणि बराचसा हातानेच बदलता येतो. वायर वापरण्यामागे तिथे आणखी एक कारण असतं. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळून बांधावा लागतो, मग पाठवावा लागतो, मग कानाशी तो उलगडावा लागतो. यात सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहून जास्त वेळ सहज जातो. गाणं ऐकताना ते कळत नाही. पण माइकसमोर बोलताना स्वतःचाच आवाज असा मागून यायला लागला, की माणूस अडखळतो.

आता बिनवायरचे बड्स. इथे रेडिओ ग्रहण करणारी चिप, आवाज उलगडणारं यंत्र, तो मोठा करणारा अॅम्प्लिफायर, माइक, हे सगळं शेंगदाण्याएवढ्या जागेत बसवलेलं असतं. खरं म्हणजे ही कमालीची कारागिरी आहे. मी तिची टर उडवणार नाही. पण हे बिऱ्हाड चालवायला वीज लागते, म्हणून प्रत्येक कानात एक लिथियम-आयन सेल. ज्या बॅटरीच्या शोधासाठी २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तीच ही जात. फक्त इथे ती शर्टाच्या गुंडीएवढी. आपल्या मोबाइलची बॅटरी आज साधारण ५००० मिलिअँपिअर-तासांची असते. बडमधली काही दशकांची, म्हणजे तीस, चाळीस, पन्नास. जिचा घडा एवढा लहान, ती रोज रिकामी होणार आणि रोज भरावी लागणार.

लिथियमचे आयन चार्ज होताना एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात आणि वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत त्यातले थोडे वाटेतच अडकतात. आत एक थर साचत जातो आणि तो कधी निघत नाही. अशी बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर आपल्या मूळ ताकदीच्या ऐंशी टक्क्यांवर येते, असं मानतात. रोज एक फेरी धरली तर हा हिशेब वर्ष-दीड वर्षाचा झाला. त्यानंतर बड लगेच मरत नाही, पण पाच तास चालणारा तीन तासांवर येतो, मग दीडवर. त्यात दोन गोष्टी बॅटरीला लवकर म्हातारी करतात: उष्णता, आणि सतत काठोकाठ भरलेलं असणं. बड्स डबीत ठेवले की डबी त्यांना पुन्हा शंभर टक्क्यांपर्यंत भरते. ती डबी मे महिन्यात मोटरसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या सीटवर पडलेली असते. नगरचा मे म्हणजे पारा चाळीसच्या वर. तेव्हा बॅटरी वापरात नसतानाही झिजत असते. दोन्ही बड्स एकदम मरत नाहीत, हाही अनुभव तुम्ही घेतला असेल. ज्या कानाने माणूस जास्त फोन घेतो, तो आधी थकतो. मग जोडी मोडते आणि एकट्या बडची किंमत विचारायला जावं, तर ती जवळजवळ नव्या जोडीएवढी निघते.

मग मामूंचा प्रश्न. ही उघडते कुठून? बहुतेक बड्सचं उत्तर आहे, कुठूनच नाही. दोन टरफलं गोंदाने किंवा ध्वनिलहरींच्या उष्णतेने कायमची चिकटवलेली. आमच्याकडे एक ओळखीचा मोबाइल दुरुस्तीवाला आहे. तो दिवसाला आठ-दहा फोनांच्या बॅटऱ्या बदलतो, मोबाइलची काच तर डोळे झाकून बसवतो. बड्स समोर ठेवले की तो हात जोडतो. टरफल उचकटलं तर चिरतं, चिरलं नाही तर घामपाण्यापासूनचं संरक्षण जातं, आणि नेमक्या त्याच मापाचा सेल त्याला बाजारात खात्रीने मिळत नाही. त्याच्या हातात कसब कमी आहे असं मुळीच नाही. वस्तू बनवणाऱ्याने त्याच्यासाठी दारच ठेवलेलं नाही.

बिनवायरची वस्तू म्हणजे टाकाऊच, असं मात्र समजू नका. माझ्या अम्मीची गोष्ट इथे उपयोगाची आहे. ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा तिला आधी खिशातलं श्रवणयंत्र मिळालं. कुडत्याच्या खिशात डबी, त्यातून निघालेली वायर आणि कानात बोंड. आत एक पेन्सिल सेल. सेल संपला की किराणा दुकानातून आणायचा, वायर तुटली की नवी लावायची. ते यंत्र कितीतरी वर्षं चाललं. नंतर कानामागे लावायचं बिनवायरचं यंत्र आलं. त्यात गुंडीएवढा झिंक-एअर सेल असतो. त्याच्यावरचं स्टिकर काढलं की हवा आत जाते आणि तो सुरू होतो, मग आठवडा-पंधरवडा चालतो. हे यंत्र बड्सएवढंच छोटं, वायरही नाही, पण त्याला एक इवलंसं दार आहे. ऐंशीच्या घरातली अम्मी नखाने ते दार उघडून सेल स्वतः बदलत असे. म्हणजे एवढ्याशा वस्तूला दार ठेवता येत नाही, हे म्हणणं काही पटत नाही. २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीने असे बड्स बाजारात आणलेही, ज्यांच्या कानातल्या आणि डबीतल्या दोन्ही बॅटऱ्या घरी बदलता येतात.

हे आकाशवाणीवरून बोलतोय म्हणून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मोबाइलमध्ये एफएम रेडिओ असतो, तो इंटरनेट नसताना, फुकट चालतो. पण त्याला एरियल लागते, आणि बहुतेक स्मार्टफोनमध्ये ती एरियल म्हणजे हेडफोनची वायर. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी तीन मीटर असते. तिला पकडायला हाता-दीड हाताची तार पुरते, म्हणून मीटरभर वायर हे काम छान करते. ब्लूटूथच्या बड्सना हे जमत नाही. ते फोनकडून जे येईल तेच ऐकवतात, आणि वायर नसेल तर फोनला हवेतलं काहीच सापडत नाही. काही साध्या, बटणांच्या फोनांत आतच एरियल बसवलेली असते, तेवढाच अपवाद. अकोल्याच्या डोंगरात घाटघर-रतनवाडीकडे मोबाइलची रेंज कधी येते, कधी जाते. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडीला गेलेली माणसं सहा-सहा महिने कारखान्याच्या कडेला कोपीत राहतात. तिथे फोन चार्ज करायचा म्हटलं तरी कुणाच्या तरी टपरीवर ठेवावा लागतो. त्यांनी फोन चार्ज करायचा, का बड्सची डबी? पूर, वादळ यांसारख्या आपत्तीत रेडिओ हेच शेवटचं साधन उरतं, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल बनवणाऱ्यांना फोनमधली एफएमची सोय बंद करू नका असं कळवलं. सोय चालू राहिली, पण पिनचं भोकच गेलं तर एरियल लावायची कुठे?

वायरची बाजू घेतो म्हणून तिचे दोष झाकणार नाही. एमआयडीसीत लेथवर उभा असलेला कामगार, पिठाच्या गिरणीत पट्ट्याजवळ वावरणारी बाई, कडबाकुट्टीवर वैरण घालणारा पोरगा, यांच्या गळ्यात लोंबणारी वायर हा सरळसरळ धोका आहे. तिथे वायर नकोच. खरं म्हणजे तिथे कानात काहीच नको. आपल्या शहरात लष्कराचं चिलखती दळाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ पासूनचं रणगाडा संग्रहालयही. रणगाड्यात इंजिनाच्या गडगडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून चालक, तोफची आणि कमांडर शिरस्त्राणातल्या हेडफोनवरून बोलतात, आणि ते परंपरेने वायरनेच जोडलेले असतात. ती वायर मध्ये एका जोडणीवर झटक्यासरशी सुटते. बाहेर उडी मारायची वेळ आली तर गळ्याला फास लागू नये. सामान्य माणसाच्या हेडफोनला अशी सुटी जोडणी देणं अवघड नाही. चांगल्या कंपन्यांच्या काही हेडफोनांना ती असते.

वायरचा दुसरा दोष भंगारात दिसतो. वायरीतलं तांबं काढायला ती जाळली जाते. प्लास्टिकचा तो काळा, घशाला झोंबणारा धूर ज्याने घेतलाय तो विसरत नाही. बड्सची गोष्ट वेगळी. त्यात तांबं इतकं कमी की भंगारवाला ते हातात घेऊन परत देतो. मग ते कचऱ्यात जातात, कचऱ्याच्या गाडीत दाबले जातात, आणि लिथियमचा सेल चेचला गेला की पेट घेऊ शकतो. या सेलमध्ये कोबाल्टही असतं, आणि जगातलं बहुतेक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतं. तिथे हाताने खणणाऱ्यांत मुलंही असतात. दीड वर्षाच्या वापरासाठी ते इतक्या लांबून येतं आणि इथल्या उकिरड्यावर पडतं.

कायदे नाहीत असं नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पूर्वी एकवीस प्रकारच्या वस्तू त्यांच्या कक्षेत होत्या, आता एकशे सहा आहेत. बॅटरीच्या कचऱ्याचे वेगळे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. दोन्हींत माल बनवणाऱ्यावर तो परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. तालुक्याच्या गावात दुकानदाराला ‘जुने बड्स परत घेता का?’ असं विचारून बघा, तो तुमच्याकडे कसा पाहतो ते कळेल. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये एक संकेतस्थळ सुरू केलं. युरोपने त्यापुढे पाऊल टाकलंय. तिथल्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. तिथे दार ठेवलेली वस्तू बनवणारी कंपनी इथे बिनदाराची पाठवेल का, हे आपण ग्राहक काय विचारतो त्यावरही थोडं अवलंबून आहे.

घरातली मुलं मला विचारतात तेव्हा मी त्यांना एवढंच सांगतो. ज्या फोनला भोक आहे त्यावर साधा वायरचा हेडफोन घ्या आणि तो फोनभोवती घट्ट गुंडाळू नका. सैल वेटोळं करा. भोक नसेल तर चार्जिंगच्या जागी लागणारी छोटी जोडवायर मिळते. वायर सुटी होणारा हेडफोन परवडत असेल तर तोच पाहा. बिनवायरचा हवाच असेल, तर कानावर बसणारा मोठा घ्या, ज्याला पिनेचंही भोक असतं. बॅटरी मेली तरी तो वायरवर चालत राहतो. तेवढं जमत नसेल तर गळ्यात अडकवायचा पट्टा, कारण त्याची बॅटरी मोठी असते आणि तो पांदीत पडून हरवत नाही. बड्स घेतलेच, तर डबी उन्हात ठेवू नका आणि रात्रभर चार्जरवर लावू नका.

आणि मेलेले बड्स घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. डबीवर चिकटपट्टी लावून ती सुक्या जागी ठेवा, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी येणं होईल तेव्हा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात किंवा त्याच कंपनीच्या सेवा केंद्रात नेऊन द्या. तिथे घेत नाहीत म्हणाले, तर नियम २०२२ चे आहेत हे सांगा आणि नकार लेखी मागा.